डावं मागचं मडगार्ड

"हात काढा! अहो, हात काढा म्हणते ना!"

मी ओरडले तेव्हा जेवणाचा डबा माझ्या हातातनं पडला होता आणि आमटी शेडच्या मातीत चालली होती. मेस्त्री, म्हणजे माझे मालक, त्या जुन्या ट्रकच्या केबिनला टेकून उभे होते. केबिनच्या खांबाला नुकताच गॅसनं जोड मारलेला, पत्रा अजून निळसर दिसत होता, आणि त्या जोडावर ह्या माणसानं उजवा हात निवांत टेकवलेला. बाबालाल पेंटरला कसलीतरी गंमत सांगत होते, स्वतःच हसत होते. कातडं भाजल्याचा वास मला दारातच आला.

मी धावत जाऊन हात हिसडून काढला. त्यांनी तो उलटा करून बघितला. करंगळीखालची तळव्याची कड पांढरीफटक पडली होती, कातडं सुटून आलं होतं.

"अरेच्चा," ते म्हणाले. "भाजलं होय?"

शेजाऱ्याच्या हाताची चौकशी करावी तसं विचारलं त्यांनी. बाबालालनं ब्रश खाली ठेवला, आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि पाणी आणायला नळाकडं गेला.

तो ट्रक कसला, मढंच होतं. हायवेला नवं हॉटेल काढणाऱ्या रणधीर सावेकरनं आमच्या शेडमध्ये ओढून आणलेला. त्याचा आजा त्या ट्रकातनं कोल्हापूरच्या बाजारात गूळ न्यायचा. आजा गेला आणि ट्रक उसाच्या बांधाला उभा राहून कुजला. पण सांदीसांदीत गूळ असा मुरलेला की मेस्त्रींनी केबिनची पहिली फळी उचकटली तर मुंग्यांची रांग बाहेर पडली, आणि ती काम संपेस्तोवर काही थांबली नाही.

रणधीर मुंबईला शिकून आलेला, बोलायला गोड. परदेशी मासिकाचं एक पान फाडून घेऊन आला होता.

"मेस्त्री, असा पाहिजे. टप चार बोटं खाली. बॉनेटच्या दोन्ही बाजू काढायच्या, इंजिन उघडं दिसलं पाहिजे. मागचे टायर रुंद, पुढचे बारीक. हौदा आखूड. आणि रंग लालभडक."

"इंजिन उघडं? मग पावसाळ्यात काय, छत्री धरायची?"

"पावसाळ्यात पोर्चमध्ये उभा राहील की. येणाऱ्या-जाणाऱ्यानं थांबून बघितलं पाहिजे. दसऱ्याला हॉटेलचं उद्घाटन आहे, दारात ही गाडी हवी."

"म्हणजे बुजगावणंच," बाबालाल म्हणाला. "फक्त पाखरं हाकलायच्या ऐवजी बोलावणारं."

सगळे हसले. मेस्त्रीही हसले. पण संध्याकाळी ते पान घरी आणून त्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलं. जन्मभर दुसऱ्यांचे चेपलेले ट्रक सरळ करण्यात गेलेला माणूस. पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं, तुमच्या मनानं कापा, तुमच्या मनानं जोडा. रोज जेवताना मान वाकडी करून ते चित्र बघायचे. भाजीत मीठ नसलं तरी कळायचं नाही.

पत्र्याच्या कामात डोळ्यावर विसंबून चालत नाही. पत्र्यावर मलमलचं फडकं ठेवायचं आणि त्याच्यावरनं तळवा फिरवायचा. उंचवटा कुठं, खळगा कुठं, ते तळवाच सांगतो. ज्यांच्या तळव्याला कळत नाही, ते वरनं लांबी भरतात. लांबी म्हणजे रंगाच्या आधी खळग्यात भरायचा लगदा. घासली की पत्रा देखणा दिसतो, आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रा सुटला की खालचं पाप वर येतं. आमच्या शेडमध्ये लांबीचा डबा होता, पण धूळ खात. "मेस्त्री म्हणजे माझ्या पोटावर पाय," बाबालाल सगळ्यांना सांगायचा. "घासायला काही ठेवत न्हाई माणूस." दोघांची दोस्ती जुनी. दुपारचा चहा एकच मागवायचे. कपातला मेस्त्री प्यायचे, बशीतला बाबालाल. दोन मागवले तर मेस्त्रींना ती उधळपट्टी वाटायची.

हात भाजला त्या संध्याकाळी घरी मी त्या जागेला मलम लावायला बसले.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"काय कधीपासनं?"

"मेस्त्री."

त्यांनी डाव्या हातानं उजवी बाही वर केली. कोपराच्या खाली रुपयाहून मोठा एक फिकट डाग होता. "गजकरण असंल म्हटलं. मलम लावून बघितलं."

"खाजतंय?"

"न्हाई. तेच तर. काहीच होत न्हाई. आधी करंगळीचं गेलं, मग शेजारच्या बोटाचं. आता अर्ध्या तळव्याचं."

मी त्या डागावर नख रुतवलं. चांगलं रुतवलं. मेस्त्री खिळ्यावरच्या चित्राकडं बघत होते.

माझ्या माहेरी एक चुलतआजोबा होते. त्यांना मळ्यातल्या खोपीत ठेवलेलं. लहान असताना त्यांची भाकरी घेऊन मी जायचे. बांधावर एक चपटा दगड होता, त्याच्यावर भाकरी ठेवायची आणि मागं न बघता पळत सुटायचं, असं आईनं शिकवलेलं. त्यांची बोटं मी कधी जवळून बघितली नाहीत. पण ती कशी झाली होती, ते गावातल्या सगळ्या पोरांना माहीत होतं.

महारोग हा शब्द आम्ही दोघांनीही तोंडातनं काढला नाही.

"त्याच्यावर आता गोळ्या निघाल्यात," मी म्हटलं. "भिंतींवर लिहिलेलं असतंय. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात."

"भिंतींवर लई काय काय लिहिलेलं असतंय."

"उद्या जाऊया."

"ट्रक होऊ दे. दसरा झाला की बघू."

"आणि तोवर?"

"तोवर गप बसायचं!" मेस्त्री एकदम कडाडले, मग आवाज खाली आणला. "अगं, कुणी बघितलं तिथं जाताना तर? रणधीर गाडी ओढून न्हेईल. शेडमध्ये कुणी पाय ठेवणार न्हाई. आणि आपली उज्ज्वली? तिला दिवस गेल्यात. तिच्या सासूच्या कानावर गेलं तर पोटुशी पोरगी दारात आणून सोडतील. तुझ्या आज्ज्याचं काय झालं, इसरलीस?"

खरं सांगू का, मला काही वाटलंच नाही. रडू नाही, भीती नाही, राग नाही. आता इतकी वर्षं झाली तरी ते मला नवल वाटतं. मी उठले, भांडी घासली, दोघांची ताटं एकत्रच घासली, दुधाला विरजण लावलं, उद्यासाठी मूग भिजत घातले. अंगावर आभाळ कोसळलं की माणूस हंबरडा फोडतं म्हणतात. मी मूग निवडून भिजत घातले.

झोपायच्या आधी मेस्त्री म्हणाले, "उद्या डबा आणलास की जरा थांब. तुझा हात पाहिजे मला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुढच्या मडगार्डासमोर उभं केलं. बाबालालला सांगितलं, हात भाजलाय, बरा होईपर्यंत ही तळवा फिरवील. बाबालालनं मान डोलावली. "वा! वहिनी मेस्त्रीण झाल्या."

"तुमचा डावा हात आहे की," मी हळूच म्हटलं.

"त्याला ती अक्कल न्हाई. जन्मभर नुसतं धरायचं काम केलंय त्यानं." त्यांनी फडकं पसरलं. "डोळे मीट. भाकरी थापताना बघत असतीस का?"

"नाही."

"मग तसंच. जाड कुठं, पातळ कुठं, एवढंच सांगायचं. हं, फिरव. काय कळतंय?"

"गार आहे."

"गार हाय!" मेस्त्रींनी कपाळावर हात मारला. "ऐकलंस का रे बाबालाल, पत्रा गार हाय म्हणं! अगं बाई, ते मला बी ठाव हाय. परत फिरव. दाबू नको."

मी परत फिरवला. परत. कितीतरी वेळा. आणि मग एकदम कळलं.

"इथं," मी म्हटलं.

"काय इथं?"

"पिठात गुठळी राहिल्यागत."

त्यांनी पत्र्याच्या मागं लोखंडी ठोकळा धरला, वरनं हातोडीचे हलके ठोके दिले. "आता?"

"अजून थोडी."

ठक, ठक. "आता?"

"गेली."

मेस्त्री माझ्याकडं बघून हसले. लग्नानंतर पहिल्यांदा मी केलेली पुरणपोळी खाल्ली तेव्हा तसे हसले होते.

त्यानंतर रोज दुपारी मी शेडमध्ये. टप कापून खाली बसवला, पुढची दोन्ही मडगार्डं झाली, हौदा आखूड झाला, चित्रातली गाडी हळूहळू त्या मढ्यातनं वर यायला लागली. रणधीर येऊन बघून जायचा आणि नुसता खूश. मी मात्र दगडासारखी यायचे आणि दगडासारखीच जायचे. घासाला चव नव्हती. उज्ज्वलाचं पत्र आलं, पोरगं पोटात फिरतंय म्हणून, ते वाचलं आणि डब्यात ठेवून दिलं. फक्त त्या फडक्याखाली तळव्याला केसाएवढा खळगा कळायचा. बाकीच्या अंगाला काही नाही.

आणि मेस्त्रींचा हात जास्तच बिघडत चालला होता. ठोकळा हातातनं निसटायचा. एकदा पायावर पडला. एका दुपारी त्यांनी कप उचलला तेव्हा माझं लक्ष करंगळीकडं गेलं. ती आत वळली होती.

"बोट सरळ करा," मी म्हटलं.

"हाय की सरळ."

"पत्र्यावर तळवा टेका बघू."

त्यांनी टेकवला. तीन बोटं पत्र्याला चिकटली. करंगळी नाही, आणि तिच्या शेजारचं बोटही पुरतं नाही. त्यांनी डाव्या हातानं दाबून ती सपाट केली, सोडली. ती पुन्हा वर आली.

फक्त डावं मागचं मडगार्ड राहिलं होतं. दसरा तोंडावर होता.

मी फडक्याची घडी केली आणि कमरेला खोचली. "आता माझा हात मिळायचा नाही, मेस्त्री. आधी दवाखाना, मग मडगार्ड."

"खुळ लागलंय काय तुला? दसरा आलाय!"

"दसरा दरवर्षी येतोय. बोट माघारी येत नाही."

"अडवतीस मला? नवऱ्याला?"

"व्हय," मी म्हटलं.

मेस्त्रींचं तोंड लाल झालं. "तर मग जा घरी! तुझ्याशी लगीन व्हायच्या आधीपासनं पत्रा ठोकतोय मी. तुझ्या हातावाचून अडलं न्हाई माझं."

मी घरी गेले नाही. दाराजवळच्या टायरवर बसून राहिले. मेस्त्री ठोकत राहिले. पत्रा नको इतका ठोकला की तो वाढतो, फुगतो, एक खळगा काढायला जावं तर शेजारी दोन उठतात. एव्हाना मलासुद्धा आवाजावरनं कळत होतं की बिघडतंय. त्यांनी उजवा तळवा फिरवला. मग डावा. मग इकडं तिकडं बघितलं, मी मान फिरवली असं त्यांना वाटलं, आणि वाकून त्या पत्र्याला गाल लावला. गाल लावून, डोळे मिटून, तोंड हळूहळू सरकवत नेलं. मला दिसत होतं. तेव्हाही मला रडू आलं नाही.

बाबालाल इतका वेळ रंग कालवत होता. तो उठला, फळीवरचा लांबीचा डबा काढला, धूळ पुसली आणि मेस्त्रींच्या पुढ्यात आणून ठेवला. पेचकसानं झाकण उचकटलं.

"हे काय?" मेस्त्री म्हणाले.

"लांबी."

"दिसतंय मला. कशाला आणलीस?"

"लागणार म्हणून आणली. दोन्ही दरवाज्यांना बी मी भरलीया, मेस्त्री. वहिनी यायच्या आधीचं काम ते. बोलायला जीभ रेटली न्हाई."

मेस्त्री वळून दरवाज्यांकडं बघत राहिले. लालभडक, गुळगुळीत दरवाजे. मग खालच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे तुला ठाव हाय."

"उन्हाळ्यापासनं. पत्रा सांगतोय की सगळं. माझ्या मावशीला बी झालं होतं. गोळ्या खाल्ल्या, बरी झाली, आता मंडईत बसून गिऱ्हाइकांशी भांडती. तिचं बी तुमच्यासारखंच. चार वर्सं लपवलं. ती चार वर्सं लपवलं नसतं तर पाय राहिला असता."

"ठाव हाय आणि रोज माझ्या बशीतला चहा पितोयस?"

"मग काय करू?" बाबालाल चिडून म्हणाला. "दुसरा चहा सांगू दिलाय काय तुम्ही कधी?"

मेस्त्रींनी झाकण उचललं, डब्यावर ठेवलं आणि हातोडीनं चहूबाजूंनी ठोकून गच्च बसवलं. डबा स्वतःच्या हातानं फळीवर नेऊन ठेवला. हात धुतले. चपला घातल्या. मग माझ्याजवळ येऊन विचारलं, "सकाळी किती वाजता उघडतंय ते? का भिंतीवर लिहिलं न्हाई?"

दवाखान्यात आमच्या उज्ज्वलापेक्षाही लहान एक बाई होती. तिनं मेस्त्रींना स्टुलावर बसवलं, दोन्ही हात पुढं घ्यायला सांगितले.

"काका, डोळे मिटा. मी पेनानं हळूच टेकवणार. जिथं लागेल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं. मधेच बघायचं नाही हं."

"बघत न्हाई. आमच्या धंद्यातलंच हाय हे," मेस्त्री म्हणाले.

आधी डावा हात. तिनं टेकवलं की मेस्त्री बरोबर तिथं बोट ठेवायचे, शाळेतल्या हुशार पोरागत. मग उजवा. कोपराजवळ बरोबर. मनगटाच्या वर बरोबर. डागावर बोट आलं नाही. मग ती तळव्याकडं गेली. कडेला टेकवलं. करंगळीला टेकवलं. शेजारच्या बोटाला, पुन्हा कडेला, पुन्हा करंगळीला, आता जरा दाबून. निळ्या शाईचे ठिपके उठले. मेस्त्री डोळे मिटून, डाव्या हाताचं बोट उचलून तयारीत बसले होते. चेहऱ्यावर तेच हुशार पोराचं हसू.

थोड्या वेळानं म्हणाले, "लावा की, बाई. झोप यायला लागली."

पेन त्यांच्या करंगळीवर टेकलेलंच होतं.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि मला जे रडू फुटलं ते आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी आवाज बाहेर येत होता. बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दारात आली. मेस्त्रींनी दचकून डोळे उघडले. "काय झालं? अगं, कुणाला काय झालं?" मग त्यांचं लक्ष स्वतःच्या हाताकडं गेलं. करंगळीवरच्या त्या निळ्या ठिपक्यांकडं ते बघतच राहिले.

"काकी, रडू नका," ती पोरगी म्हणाली. "हा बरा होणारा आजार आहे. आजपासनंच गोळ्या सुरू करू, म्हणजे पुढं पसरणार नाही, दुसऱ्या कुणाला व्हायचा नाही. फक्त गेलेलं परत किती येईल, ते मी सांगू शकत नाही." मग तिनं स्टूल माझ्याकडं सरकवलं. "आता तुम्ही बसा. घरातल्या सगळ्यांना तपासावं लागतं. मिटा डोळे."

मी मिटले. दंडाला लागलं. तळव्याला लागलं. करंगळीला लागलं. सगळीकडं लागत होतं.

शेडमध्ये परतल्यावर मेस्त्रींनी ते ठोकून फुगवलेलं मडगार्ड कापून टाकलं आणि नवा पत्रा घेतला. दोन्ही दरवाजे खरवडायला लावले. बाबालालनं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि खरवडले. मी फडकं कमरेचं काढलं. ठोकळा मी धरायचा, हातोडी त्यांनी मारायची, मग तळवा मी फिरवायचा, अशी नवी रीत पडली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी लाल रंगाचा शेवटचा हात बसला.

उद्घाटनाला ही गर्दी. गाडीला झेंडूचे हार, चाकांखाली लिंबं, नारळ फुटले. रणधीर आत बसला, त्यानं चावी फिरवली आणि ते उघडं इंजिन असं गरजलं की पुढची माणसं मागं सरकली. वाफ तोंडावर येत होती. मेस्त्री मात्र पुढं गेले. गाडी सुरू झाली की तिच्या अंगावर हात ठेवून थरथर बघायची, ही त्यांची जुनी सवय. बाजूनं बाहेर काढलेली धुराची नळी तोवर चांगलीच तापली होती आणि त्यांचा उजवा हात तिकडंच चालला होता.

मी त्यांचा हात धरला. एवढ्या पाहुण्यांसमोर. आमच्या पिढीत चारचौघांत नवऱ्याच्या शेजारी बसायचीसुद्धा पद्धत नव्हती. मला वाटलं, आता हिसडा मारतील. पण ते गाडीकडंच बघत होते, हसत होते. त्यांना पत्ताच नव्हता.

हात पुढं जाईना तेव्हा त्यांनी खाली बघितलं.

"धरलायस होय," ते म्हणाले.

"भाजलं असतं."

"मला कळलं न्हाई."

लोक बघत होते. मी हात सोडायला गेले.

"सोडू नको," मेस्त्री म्हणाले. नजर पुन्हा गाडीकडं होती. "जरा वर धर. मनगटाच्या वर. तिथं मला कळतंय."

मी हात वर सरकवला.